गोठ्याच्या वाटेवरचं अर्थशास्त्र

१ डिसेंबर, रविवार

समता मॅडमनी आज अभ्यास केंद्रावर आम्हा सगळ्यांना बजावलं, की रोज काय वाचलं, काय कळलं आणि काय नाही कळलं ते एका वहीत लिहायचं. ती वही कुणाला दाखवायची नाही, त्यांनासुद्धा नाही. आता आम्हा अंगणवाडीवाल्यांना कुणी न तपासणारं रजिस्टर ठेवायची सवयच नाही. पहिल्या पानावर आपोआप समास आखला गेला आणि नावही लिहून झालं : कोकिळा गुलाबराव म्हस्के, अंगणवाडी सेविका, वय शेहेचाळीस, बी.ए.चा एक विषय बाकी.

तो विषय अर्थशास्त्र. बाकी सगळे पेपर पहिल्या झटक्यात निघाले, हाच मेला गेल्या वर्षी अडकला. आमच्या पर्यवेक्षिका मॅडम म्हणतात, यंदा पदवी हातात आली तर पर्यवेक्षिकेच्या भरतीला माझा अर्ज बसतो, पुढच्या वर्षी वय निघून जातं. म्हणजे मे महिन्यातला हा पेपर शेवटचा. नाहीतर निवृत्तीपर्यंत वजनकाटा आणि खिचडी.

अभ्यास केंद्र बुलढाण्याच्या त्याच कॉलेजात आहे जिथे मी लग्नाआधी एक वर्ष शिकले. जिन्याचा कठडा तोच आहे. त्यावरून हात फिरवत चढले तर मागच्या पोरींनी वाट पाहिली, बहुतेक त्यांना वाटलं काकूंचे गुडघे दुखतात.

तासाला मॅडमनी माझी वही हातात घेतली. सगळं गाईड मी सुवाच्य अक्षरात उतरवून काढलंय, व्याख्या लाल शाईत, मुद्दे हिरव्या शाईत. शाळेत हस्ताक्षराचं बक्षीस माझं ठरलेलं असायचं. मॅडम म्हणाल्या, "फारच सुंदर. आता वही मिटा आणि मागणीचा नियम सांगा." मी उभी राहिले आणि उभीच राहिले. लाल शाई डोळ्यासमोर दिसत होती, अक्षरं दिसत नव्हती. मॅडम हळू म्हणाल्या, "काकू, तुम्ही हे लिहिलंय, शिकलेला नाहीत." माझ्या मुलापेक्षा, गोकुळपेक्षा फार मोठी नसेल ती. राग आला. घरी येताना बसमध्ये कळलं की राग तिच्यावर नव्हता. रजिस्टर भरलं की काम झालं, हीच आमची रीत, अभ्यासही मी तसाच भरून ठेवला होता.

५ डिसेंबर

गोकुळने पुण्याहून अभ्यासाचे व्हिडिओ पाठवले. थोडा वेळ वाचायचं, घंटी वाजली की उठायचं, पाणी प्यायचं, पुन्हा बसायचं. फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवला तर घंटी ऐकू येईना. पहाटे उठून वाचलं तर डोळा लागला आणि दूध उतू गेलं. आजचा अभ्यास : शून्य. खरं लिहायचं ठरलंय म्हणून लिहिलं.

९ डिसेंबर

आज मुलांचं वजन घेताना नूरजहांची आठवण आली, का ते माहीत नाही. कुणाचं तरी पोर काट्यावर बसून एकसारखं विचारत होतं, हे काय, हे काऊन, त्यावरून असेल.

त्या एका वर्षात मी मामांकडे राहायचे आणि ती तिच्या खालाकडे, म्हणजे मावशीकडे. रोहिणखेडची. बारावीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेली, हसली की ओढणी तोंडावर धरायची. कॉलेज दोघींना लांब पडायचं, पण रिक्षाला पैसे कशाला घालवायचे म्हणून आम्ही चालत जायचो. बुलढाण्याची हिवाळ्यातली ती थंडी, कडुनिंबाखालचा रस्ता, आणि वाटेत आमचा सबक, म्हणजे धडा. हा शब्द तिचाच. गावातल्या मदरशात लहानपणी ती शिकली तेव्हा मागचा धडा तोंडपाठ ऐकवल्याशिवाय मौलवीसाहेब नवीन द्यायचे नाहीत, आणि आठवडाभरापूर्वीचाही मधूनच विचारायचे. कॉलेजातही तिने तेच लावलं. सकाळी भेटली की चपला वाजवत पहिलं वाक्य, "कालचं सुना आधी." मी सांगायचे, ती ऐकायची. मध्येच थांबवायची, "याचा मतलब काय?" मला वाटायचं माझी परीक्षा घेते. मग मी पुन्हा सांगायचे, सोपं करून.

त्या वर्षी मी वर्गात दुसरी आले होते. आयुष्यात एकदाच. निकालाच्या आधी लग्न झालं होतं, गुणपत्रिका मामांनी पोस्टाने पाठवली. ती सासूबाईंनी धान्याच्या पेटीत ठेवली आणि मीही मागितली नाही.

आता कळतं, तिच्यासारखं ऐकणारं कुणीतरी हवं. तशी हुशार मैत्रीण या वयात कुठून आणायची?

११ डिसेंबर

मदतनीस अन्नपूर्णाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "ऐकीन की बाई, पन मले झोप येते." त्यांचं खरं आहे.

संध्याकाळी हे बादली घेऊन शेतातल्या गोठ्याकडे निघाले, बैलांना वैरण टाकायला. मी म्हटलं, मीही येते. त्यांनी विचारलं, "काऊन? आज काय हाये?" मी म्हटलं, मला बोलायचंय आणि तुम्ही फक्त ऐकायचंय. ते म्हणाले, "ते तं रोजचंच हाये." पण बादली दुसऱ्या हातात घेतली आणि माझ्या बाजूने चालायला लागले.

मी मागणीचा नियम सांगितला. ते दहावीला गणितात नापास झालेले, त्यानंतर पुस्तकाला हात नाही, त्यामुळे अपेक्षा नव्हतीच. गोठा आला तेव्हा म्हणाले, "मले नाई समजलं. पुन्हा सांग." वैरण टाकून परतताना पुन्हा सांगितलं. पुन्हा म्हणाले, "भाव कमी झाला तं लोक जास्त घेतेत, एवढं समजलं. काऊन घेतेत ते तू सांगतलंच नाई." ते गाईडमध्ये होतं, हिरव्या शाईत. मला आठवेना. घरी येऊन पाहिलं. माणूस अडाणी असला की प्रश्न फार विचारतो.

२२ डिसेंबर, रविवार

बुलढाण्याला गेले नाही, घरी पाहुणे. पण वाटेवरचा सबक चुकला नाही.

आज यांनी वैताग आणला. मी म्हटलं भाव उतरला की मागणी वाढते. तर म्हणतात, "मंग सोयाबीनचा भाव पडला तवा मेहकरच्या व्यापाऱ्यानं आपल्याले दारातून काऊन परत लावलं? त्याची मागणी वाढाले पाह्यजे होती का नाई?" मी म्हटलं, पुस्तकात सोयाबीन नाहीये. म्हणाले, "मंग पुस्तक कुठचं हाये?" त्यांना बैलांपाशी सोडून मी तडक घरी आले आणि बसून तेवढंच प्रकरण वाचलं. भाव आणखी पडेल असं वाटलं की घेणारा थांबतो, हा अपवाद म्हणून दिलेला आहे. तीन वेळा उतरवून काढलेल्या पानावर आहे. माझ्याच अक्षरात आहे आणि मला पत्ता नाही.

जेवताना त्यांना सांगितलं. त्यांनी भाकरी मोडता मोडता मान हलवली, जणू त्यांना काय मोठं पदक मिळालं.

१४ जानेवारी

संक्रांत. तीळगूळ, हळदीकुंकू, अंगणवाडीत मुलांना बोरं. संध्याकाळी पाय मोडल्यासारखे झाले होते, पण हे दारात उभे. वाटेत मी थेट नवीन प्रकरण सुरू केलं, मागणीची लवचिकता. त्यांनी थांबवलं. "मागचं सांगतलं नाई तू आज. तूच म्हनते का मागचं आधी." माझा नियम माझ्याच अंगावर. मला वाटतं त्यांना माझी फजिती करण्यात मजा येते.

लवचिकतेला मीठ आणि सोन्याचं उदाहरण दिलं. मीठ महाग झालं तरी कुणी कमी खात नाही. यांनी बादली या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाले, "आन औषध?" मी म्हटलं, औषधही तसंच. "हाव," मान डोलावत म्हणाले, "मायच्या वक्ताले पाह्यलं." सासूबाईंच्या आजारपणाबद्दल ते कधी बोलत नाहीत. मीही पुढे विचारलं नाही, बैल वाट पाहत होते.

२ फेब्रुवारी, रविवार

बुलढाणा. मॅडमनी पुस्तकं गोळा करून कोरे कागद वाटले आणि एकच प्रश्न दिला. मला लिहिता आलं. अक्षर मात्र वाकडंतिकडं, कारण विचार पुढे पळत होता आणि हात मागे. मॅडमनी वाचून विचारलं, "घरी कुणी शिकवतं का?" मी म्हटलं, छे हो, कोण शिकवणार. आमचे हे ऐकतात, पण त्यांना काही कळत नाही.

बाजूला फलक नावाची पोरगी बसते, मोताळ्याची, वडिलांचं बांगड्यांचं दुकान सांभाळून बी.ए. करते. तिला नूरजहांबद्दल विचारलं. म्हणाली, "रोहिणखेडले आमचे नातेवाईक हायेत काकू, मी पायते." नंबर मिळाला तरी काय बोलायचं, हा प्रश्नच आहे. तिला मी आठवत तरी असेन का? बस बुलढाण्याच्या स्टँडवर गर्दीने थांबली होती तेव्हा उगाच बाहेर पाहत बसले. ओढणी धरून हसणारी कुणी दिसते का ते.

२१ फेब्रुवारी

हरभऱ्याची सवंगणी, म्हणजे कापणी. आठवडाभर वही उघडली नाही, पुस्तकही नाही. दिवसभर शेतात मजूर, संध्याकाळी यांना मळणीचं बघायचं. सबक बंद.

हे फार चिडचिडे झालेत. काल विनाकारण बादलीवर राग काढला. मजूर मिळत नाहीत म्हणून असेल. आज जेवताना म्हणाले, "तुह्या परीक्षेले किती दिवस राह्यले? असं बंद ठेवलं तं कसं होईन?" मी म्हटलं, माझ्या परीक्षेची तुम्हाला कसली काळजी, हरभरा आधी. ते उठून हात धुवायला गेले.

२ मार्च, रविवार

पुन्हा सुरू. दोन आठवड्यांचा खंड पडल्यावर मागचं किती उडून गेलंय ते पाहून मलाच धसका बसला. म्हणून आता ठरवलं, पाठ असो नसो, रोज थोडं. घरात वाचलेलं बंद पुस्तकाने एका कागदावर लिहायचं, अडलं तिथे खूण, आणि ती अडलेली जागा संध्याकाळी वाटेवर. रंगीत पेन गोकुळच्या जुन्या कंपासात टाकून दिले.

घटत्या सीमान्त उपयोगितेचा नियम. नावच एवढं मोठं की मागच्या वर्षी ते लिहूनच दमले होते. आज म्हटलं, समजा रोडगे आणि वांग्याची भाजी आहे. पहिला रोडगा गोड लागतो, दुसरा बरा, चौथा नकोसा. हे हसले. "एवढंच होय? मंग हे सांगाले पुस्तक कायले पाह्यजे?" चार पावलं गेल्यावर थांबले. "पन पैशाले हा नियम काऊन नाई लागत? पैसा कितीही आला तं चौथ्या रोडग्यासारखा नकोसा होत नाई."

घरी येऊन पाहिलं तर ते नियमाच्या मर्यादांमध्ये होतं. रागही आला आणि हसूही आलं. हा माणूस लग्न झाल्यावर माझ्याशी महिनाभर एक वाक्य बोलला नव्हता.

१ एप्रिल

काल ईद झाली. आज फलकने नंबर पाठवला आणि मी हिंमत करून लावला. दोन रिंग झाल्या आणि पलीकडून तोच आवाज, जरा जाड झालेला. मी नाव सांगितलं.  ती म्हणाली, "कालचं सुना आधी." 

मलकापूरला असते, दोन नातवंडं, दुपारी मुलींना शिवणकाम शिकवते. शीरखुर्मा खायला ये म्हणाली. जिन्याचा कठडा, कडुनिंबाचा रस्ता, कँटीनमधला तो पाणचट चहा, सगळं निघालं. मी म्हटलं, तुझ्यामुळे मी दुसरी आले होते नूर, तू किती छान परीक्षा घ्यायचीस. तर ती म्हणते, "कसली परीक्षा वो! मी उर्दूतून आलेली, मले मराठी पुस्तकातलं काहीच समजत नव्हतं. म्हून तुले पुन्हा पुन्हा इचारत होती. तूच शिकवलं मले, तुह्यामुळं मी पास झाली."

मी वाद घातला नाही. इतक्या वर्षांनी तिची आठवण थोडी इकडची तिकडे झाली असेल. माझ्या चांगली लक्षात आहे, ती फार हुशार होती आणि सगळं तिला आधीच येत असायचं.

फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ ओट्यावर बसून होते. ते एक वर्ष आयुष्यातून कुणी काढून घेतलं होतं असं मला वाटायचं. आज वाटलं, निदान ते दोघींकडे आहे.

२० एप्रिल, रविवार

भांडण झालं. माझं चुकलं, पण त्यांचंही चुकलंच.

उन्हानं डोकं तापलेलं, पेपर महिन्यावर आलेला, आणि चलनवाढीचं प्रकरण माझ्याच डोक्यात बसेना. मी सांगत होते, हे एका मागून एक विचारत होते. पैसा वाढला तर भाव काऊन वाढतेत? सरकारनं नोटा छापू नये म्हणजे झालं ना? पगारवाल्याचं काय होते आन आपलं काय होते? मी रस्त्यातच थांबले आणि म्हटलं, तुम्ही मुद्दाम करता. तुम्हाला जन्मात समजायचं नाही, माझा वेळ जातो फक्त.

 ते बादली घेऊन पुढे निघून गेले.

२२ एप्रिल

दोन दिवस त्यांनी काही विचारलं नाही. मी सांगते, ते मान हलवतात, गोठा येतो. फार सुरळीत चाललंय. आणि आज कागदावर लिहायला बसले तर चलनवाढीचं पहिलं वाक्य सोडून पुढे काही सुचेना. मला हे कळत नाही. कुणी अडवत नसताना माझं का अडावं?

२३ एप्रिल

वाटेत मीच म्हटलं, त्या दिवशी मी फार बोलले. ते म्हणाले, "जाऊ दे." मी म्हटलं, विचारा काहीतरी. ते म्हणाले, "इचारलं तं तुले राग येते." मी म्हटलं, येऊ दे राग. तरी विचारा.

बैलाच्या मानेवर हात फिरवत त्यांनी लगेच विचारलं. जणू प्रश्न तीन दिवस तोंडातच धरून ठेवला होता. "पगारवाल्याचं आन आपलं सांग."

मला सांगता आलं. पूर्ण नाही, पण निम्म्याहून जास्त. बाकीचं नंतर बघू म्हटलं, पेपर झाल्यावर.

२५ मे, रविवार

पेपर झाला.

हॉलमध्ये पंखा होता पण वारा पलीकडच्या पोरालाच. दुसरा प्रश्न वाचला. घटत्या सीमान्त उपयोगितेचा नियम आणि त्याच्या मर्यादा. 'मर्यादा' हा शब्द पाहिल्यावर डोकं एकदम रिकामं झालं. आजूबाजूला पोरं भराभर लिहीत होती. मला रडू यायला लागलं. मग डोळे मिटले आणि गोठ्याची वाट धरली. रोडगे. चौथा रोडगा. आणि त्यांचा आवाज, "पन पैशाले काऊन नाई लागत?" मी त्यांना उत्तर देत असल्यासारखी लिहीत गेले. पुरवणी मागितली. अक्षर असं की माझ्या शाळेतल्या बाईंनी पट्टी मारली असती.

बाहेर हे झाडाखाली उभे होते, मेहकरहून बसने माझ्यासोबत आले होते. "सुटला का?" विचारलं. मी म्हटलं, पैशाचा आला होता. त्यांनी फक्त "हाव?" म्हटलं आणि पाण्याची बाटली पुढे केली.

१८ जून

पेरणी चालू. संध्याकाळी हे एकटेच गोठ्यावर जातात, मला आता जायचं काही कारण नाही. लवकर परत येतात. पूर्वी तीच वाट किती लांब वाटायची.

२५ जुलै

पास. अर्थशास्त्रात पास. फलकने फोन करून सांगितलं, मग गोकुळने मोबाईलवर निकाल काढून पाठवला, मग मी तिसऱ्यांदा स्वतः पाहिला. पदवी झाली. पर्यवेक्षिकेच्या भरतीचा अर्ज आता करता येईल. अन्नपूर्णाबाईंनी मुलांना गूळ वाटला. नूरजहांला कळवलं तर ती फोनवर रडली आणि मलाही रडवलं. दुसरी आले होते तेव्हा गुणपत्रिका उघडायलाही कुणी नव्हतं. आज अख्ख्या गल्लीने पेढे खाल्ले.

संध्याकाळी माणसं गेल्यावर हे दारात उभे होते. बादली हातात. "चाल," म्हणाले.

मी म्हटलं, आता कशाला? झालं ना सगळं.

 ते जमिनीकडे बघत म्हणाले, "चलनवाढीचं तू अर्धंच सांगतलं होतं. म्हने पेपर झाल्यावर सांगते. मले ते बाकीचं नाई समजलं अजून."

मी चप्पल घातली. वाटेत थट्टेने म्हटलं, बाकीचं सांगते, पण अर्धं तरी काय समजलं ते आधी तुम्ही सांगा बघू. मला वाटलं हसतील. ते सांगायला लागले. पैसा बाजारात जास्त आला आणि माल तेवढाच राहिला तर काय होतं, तिथपासून. मेहकरचा बाजार घेतला, आपली तूर घेतली, गोकुळचा पगार घेतला. कुठे अडखळले नाहीत. मी जे शब्द गाईडमधून घेतले होते ते त्यांनी एकही वापरले नाहीत आणि एकही गोष्ट सोडली नाही. मग मागणीवर गेले. मग मिठावर आणि औषधावर. गोठा येऊन गेला तरी आम्ही बांधावर उभेच होतो. संपल्यावर म्हणाले, "एवढं येते. दहावीच्या मास्तरनं एकदा म्हटलं होतं का तुह्या डोक्यात जात नाई, तवापासून मी काही इचारलंच नव्हतं कोनाले."

आणि एप्रिलमध्ये मीही तेच म्हटलं होतं, याच वाटेवर. तरी ते विचारत राहिले. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली आणि या माणसाला काय समजतं ते मी आज पहिल्यांदा विचारलं. मला फार वाईट वाटलं आणि फार आनंद झाला, दोन्ही एकाच वेळी, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"पास झाली तं रडून काऊन राह्यली?" त्यांनी विचारलं.

मी डोळे पुसले आणि पगारवाल्याचं राहिलेलं सांगायला लागले.